आवक-जावक

अण्णांच्या टेबलावर फोन नव्हता. फोन साहेबांच्या खोलीत असे आणि तो वाजला तर शिपाई येऊन सांगे. अण्णा म्हणजे माझे वडील, मराठवाड्यातल्या एका कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. सरकारी घरात वाढलेल्यांना 'टेबल' म्हणजे काय ते सांगायला नको: आस्थापनेचं टेबल, पेन्शनचं टेबल, गौण खनिजाचं टेबल. माणूस बदलून गेला तरी टेबल तिथंच. टपाल दिवसातून दोनदा येई, अकराच्या सुमारास आणि मग जेवणाच्या सुट्टीनंतर. दारापाशी आवक-जावकचा कारकून बसे. आलेला कागद तो बारनिशीत चढवी, शिक्का मारून नंबर टाकी आणि मग शिपाई तो ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवी. दोन टपालांच्या मधल्या वेळात अण्णांसमोर एक फाइल उघडी असायची. कंटाळवाणी असेल, पण एकच.

मी हिंजवडीत, विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते. सतरा वर्षं झाली. मधे एका मंगळवारी सहज म्हणून कागदावर रेघा ओढत बसले. हातातला दावा सोडून नजर दुसरीकडे गेली की एक रेघ. मेल आल्याची खूण, चॅटचा टुणकन आवाज, घरच्या ग्रुपवर मावशीच्या नातवाचा फोटो, शेजारच्या खुर्चीवरून "अगं, एक मिनिट", आणि कुणीही न बोलावता मी आपण होऊन उघडलेलं बातम्यांचं पान. दहा ते एक या तीन तासांत चौसष्ट रेघा झाल्या. त्यातल्या एकोणतीस बिनबोलावलेल्या होत्या. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा माझ्या कामात माझीच लुडबुड.

"हल्ली माझं लक्षच लागत नाही," असं आपण म्हणतो ते चोरी कबूल केल्यासारखं. आपण ढिले पडलो, आपल्या आधीची पिढी कशी तासन् तास मान खाली घालून बसायची, वगैरे. माझं म्हणणं एवढंच की माणसाला दोष देण्याआधी त्याचं टेबल कसं मांडलंय ते बघावं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क गेली वीस-बावीस वर्षं हेच बघताहेत. सुरुवातीला त्या आणि त्यांचे सहकारी स्टॉपवॉच घेऊन ऑफिसातल्या माणसांच्या मागे बसत. पुढे नोंद ठेवायचं काम संगणकच करू लागला. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. २०१२ मध्ये ते ७५ सेकंदांवर आलं आणि अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांवर. त्यांच्या अभ्यासात मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट मात्र या आकड्यांची नाही. व्यत्ययांपैकी जवळपास निम्मे माणूस स्वतःच ओढवून घेतो, असं त्यांना दिसलं. आणि बाहेरून येणाऱ्या हाका कमी झाल्या की तो स्वतःच स्वतःला हाका मारायला लागतो. सवय अशी अंगात मुरते. गावी गेल्यावर रात्री लोकलचा आवाज नाही म्हणून झोप न येणारा मुंबईकर आठवावा.

बरं, नजर दुसरीकडे गेली आणि परत आली, तर बिघडलं काय? सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये याचं उत्तर दिलं. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की त्याचं थोडं लक्ष मागेच राहतं आणि दुसरं काम त्या प्रमाणात कच्चं होतं. जमाखर्च लिहिणाऱ्या कुणालाही हे सांगायला प्रयोगशाळा लागणार नाही: मागील पानाची बाकी पुढच्या पानावर ओढली जाते. चौसष्ट पानं उलटली की संध्याकाळी डोक्यात नुसत्या बाक्याच उरतात. दिवसभर खुर्चीवर बसून, एकही जड वस्तू न उचलता, माणूस गोणी वाहिल्यासारखा दमतो तो असा.

आता अण्णांच्या कपाटाकडे येते. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठे पद्धत' नावाचा प्रकार आहे. हातातली प्रलंबित प्रकरणं पहिल्या गठ्ठ्यात. दुसरा गठ्ठा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे आपण पत्र धाडलंय आणि उत्तर यायचंय अशांचा. तिसरा नियतकालिक विवरणपत्रांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा निकाली निघून अभिलेख कक्षात जायच्या प्रकरणांचा आणि सहावा 'ड' वर्गाच्या, मुदत संपली की नष्ट करायच्या कागदांचा. लहानपणी सुट्टीत मी कचेरीत जायची तेव्हा ते लाल रुमालात बांधलेले गठ्ठे बघून मला ती सरकारी सुस्ती वाटायची. आता वाटतं, ज्यानं ही पद्धत घातली त्याला माणसाच्या डोक्याची बरीच जाण असावी.

त्यातला दुसरा गठ्ठा बघा. प्रतीक्षाधीन प्रकरणावर पुढची तारीख टाकायची आणि त्या तारखेला उत्तर आलं नसेल तर स्मरणपत्र काढायचं. "तारीख टाकली की प्रकरण डोक्यातून गेलं," अण्णा अजूनही म्हणतात. "तारीख टाकली नाही तर ते जेवताना ताटात येतं."

ताटात का येतं, याचा शोध बर्लिनमध्ये सुरू झाला. ब्लूमा झायगार्निक ही तिथं शिकणारी मानसशास्त्रज्ञ. वेटरना पैसे न चुकवलेल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी बरोबर आठवतात आणि बिल मिटलं की पुसल्या जातात, अशी एक हकिकत तिच्या कामामागे सांगतात. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, असं तिनं १९२७ मध्ये मांडलं. लक्षात राहण्याचा हा भाग पुढच्या प्रयोगांत तितका ठाम ठरला नाही. पण तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिला दिसलेली दुसरी गोष्ट टिकली: अर्धवट टाकलेल्या कामाकडे माणूस परत परत ओढला जातो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी त्यावर उतारा शोधला. काम पूर्ण करायची गरज पडली नाही. ते कधी, कुठं, कसं करणार एवढं लोकांनी नेमकं ठरवलं, तरी त्याचा डोक्यातला भुंगा थांबला. बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या एका प्रयोगात ५७ तरुण मंडळींपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणारे साधारण नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी तपशिलाची तितकी झोप लवकर.

मी गेल्या वर्षी मेलमध्ये सहा फोल्डर केले. संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी दहा मिनिटं फक्त तारखा टाकायच्या. कुठलंही काम पुरं करायचं नाही, मोह झाला तरी नाही. पहिला आठवडा जड गेला, कारण 'एवढं एक उत्तर देऊन टाकू' या वाक्यानं माझी कित्येक वर्षं खाल्ली आहेत.

तपासणीच्या कामाला आणखी एक जुनी अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन् तास बघणाऱ्यांच्या नजरेतून ठिपके निसटू लागले, तेव्हा केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा टिकटिक पुढे सरके आणि अधूनमधून एकदम दोन घरं उडी मारी. ती उडी पकडायची, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या. हे १९४८ साली छापून आलं, आणि तरी आम्हाला सलग दोन तास दावे बघायला बसवतात आणि संध्याकाळी चुकांचा तक्ता दाखवतात. मधे थोडा वेळ काम बदललं, उठून पाणी प्यायलं, तरी ही घसरण आवरते. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ २५ मिनिटांवर लावून अभ्यास केला आणि त्याची जगभर पद्धत झाली. २५ या आकड्यात जादू काही नाही. मला पस्तीस मिनिटं जमतात, शेजारच्या टेबलावरच्या मुलाला वीस.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मला जरा अण्णांचा हेवा वाटायला लागला होता. मग आईची लोणच्याची बरणी आठवली.

अण्णांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, आईनं बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि सगळ्यांनी लोणच्याला दोष दिला. त्यांच्या साहेबांवर जबाबदारी कितीतरी जास्त, पण ते सकाळी बॅडमिंटन खेळून ताजेतवाने यायचे. साहेबांच्या डोक्याला ताप, म्हणून आजार साहेबांना, असं आपलं ढोबळ गणित असतं. ते गणित लंडनमध्ये चुकीचं ठरलं.

लंडनच्या व्हाइटहॉल भागात ब्रिटिश सरकारची मोठमोठी खाती आहेत. १९६७ पासून तिथल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास झाला. सगळे एकाच सरकारचे नोकर, बहुतेक सगळे बैठ्या कामाचे, पगार नियमित, उपाशी कुणी नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे शिपाई आणि निरोप्यांचा, मृत्युदर वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. आणि मधे कुठं एकदम दरी नव्हती, पायरीपायरीनं उतरत जावं तसा तो होता. दुसऱ्या पायरीवरचा पहिल्या पायरीवरच्यापेक्षा थोडा वाईट, तिसरा आणखी थोडा. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं वजा केलं तरी मोठा फरक शिल्लक राहिला. मायकेल मार्मट यांनी मग १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू केला, १०,३०८ स्त्री-पुरुषांचा. त्यात कामाबद्दलही बारकाईनं विचारलं: काय आधी करायचं हे तुम्ही ठरवता का? विश्रांती कधी घ्यायची हे ठरवता का? ज्यांच्या हातात हे ठरवणं नव्हतं त्यांना हृदयविकार जास्त. हुद्द्याहुद्द्यातल्या फरकाचा मोठा भाग या एका गोष्टीनं उलगडत होता. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच म्हटलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि ठरवण्याची मोकळीक लहान, अशी जोडी माणसाला पोखरते. रेटा मोठा पण मोकळीकही मोठी असेल तर माणूस उलट फुलतो.

अण्णांची फाइल वर जाऊन 'चर्चा करावी' एवढा शेरा घेऊन परत यायची. काय चर्चा, ते साहेबांना वेळ झाल्यावर कळणार. मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत बसायचं, रजेचा अर्ज परत यायचा, बदलीच्या याद्या लागायच्या. लक्ष लावायला निवांत टेबल होतं, पण त्या टेबलाचं काहीही त्यांच्या हातात नव्हतं. माझ्याकडे मोकळीक आहे असं कंपनी म्हणते. घरून काम करा, वाटेल तेव्हा चहा प्या. दाव्याला किती मिनिटं लागावीत हे मात्र पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ ठरवतं.

तेव्हा लक्ष आणि मन:स्वास्थ्य या दोन वेगळ्या तक्रारी नाहीतच, असं मला वाटायला लागलं आहे. माझ्यापर्यंत काय यावं, कधी यावं, हे ठरवायला मला थोडी तरी जागा आहे का, हाच दोन्हीकडचा प्रश्न. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कुशलेव्ह आणि डन यांनी १२४ माणसांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्यांदा. तीनदाच्या आठवड्यात ताण कमी. तीनदा! कलेक्टर कचेरीच्या टपालापेक्षा एकदाच जास्त. लोकांना ते पाळणं अवघड गेलं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

मी आमच्या लीडकडे गेले आणि म्हटलं, साडेदहा ते बारा मी चॅटवर नसेन, खरंच निकड असेल तर फोन करा. तो जरा थांबला, मग हो म्हणाला. दोन महिन्यांत फोन चार वेळा आला. पण तो हो म्हणाला याचं कारण माझी सतरा वर्षं आहेत. माझ्या शेजारी यंदा लागलेला लातूरचा मुलगा हेच मागायला गेला असता तर काय झालं असतं, मला माहीत आहे आणि त्यालाही. म्हणून आता आमच्या सहा जणांच्या टीमनं मिळून तीच वेळ ठरवली. एकट्यानं मागितली की ती सवलत असते, सगळ्यांची ठरली की वेळापत्रक होतं.

कंपन्या यातलं काही करत नाहीत असं नाही. आमच्याकडे दरवर्षी एक 'वेलनेस'चा दिवस असतो. योगाची चटई, श्वास सोडायला शिकवणारं ॲप, शेवटी पिझ्झा. त्या दिवशीचे दावे दुसऱ्या दिवशी. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये लिहिलं की अशी ॲप आणि ताणमुक्तीची शिबिरं वापरणारे कर्मचारी न वापरणाऱ्यांपेक्षा बरे दिसत नाहीत. अपवाद स्वयंसेवी कामाचा. माझं प्राणायामाशी वैर नाही, मी रोज करते. पण लोणच्याच्या बरणीसारखंच आहे हे: दोष हाताशी असलेल्या वस्तूवर टाकला की कचेरीकडे बघावं लागत नाही.

शरीराबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी करत नाही. पडद्याकडे बघताना पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतात, म्हणून संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघावं, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येणार नाही, असं समर्थ तिथं बजावतात. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करायला लाजणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात, अवघ्या अकरा जणांवर, दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं चालल्यानं रक्तातली साखर आणि रक्तदाब दोन्ही उतरले, थकवाही कमी झाला. दर अर्ध्या तासानं कोण उठू देणार, हा प्रश्न आहेच. मी फोनवरची बोलणी उभ्यानं करते. बाटली लहान ठेवली की ती भरायला आपोआप उठावं लागतं. दुपारी चारनंतरचा चहा सोडला. ते मात्र खरंच जिवावर आलं.

मीटिंगांचं वेगळं सांगते. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये १४ जणांच्या डोक्याला मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या टोप्या घातल्या. एकाला एक लागून चार मीटिंगा झाल्या की ताणाच्या खुणा चढत गेल्या. मधे दहा मिनिटं ध्यान करू दिलं तर चढल्या नाहीत. टोपी न घालताही हे कळतं, पण साहेबांना दाखवायला आलेख बरा पडतो.

थकवा कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो, हे ओळखणं जास्त महत्त्वाचं. 'बर्नआउट' हा शब्द आता आपल्याकडेही सैल वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. खुणा तीन: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. हे कामापुरतं असतं. सुट्टीतही उदास वाटतंय, दोन आठवडे झाले, झोप किंवा भूक बिघडली आहे, पूर्वी ज्यात जीव रमायचा ते गाणं, तो क्रिकेटचा सामनाही नकोसा वाटतो, असं असेल तर ती नैराश्याची लक्षणं असू शकतात. तिथं फोल्डर आणि घड्याळं कामाची नाहीत, डॉक्टरच लागतात. जगणंच नको असं मनात येत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट मिळते, मराठीतही बोलता येतं. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, डॉ. आनंद नाडकर्णींची, १९९० पासून हेच काम करते आहे. आणि दावे तपासणारी म्हणून एक सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीनं संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. नुसत्या सल्ल्याची फी मात्र बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. ते बारीक अक्षर वाचून घ्या.

तासांची गोष्ट राहिलीच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के जास्त. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत तशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं. अण्णांना ती बातमी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वेळी कचेरीला कुलूप लागायचं. किल्ली शिपायाकडे. कायदा कशाला लागतोय?"

अण्णा आता एकोणऐंशीचे आहेत. माझे सहा फोल्डर त्यांनी चष्मा लावून तपासले. पहिला बरा आहे म्हणाले, दुसऱ्यात तीन प्रकरणांवर तारीख नाही हे लगेच पकडलं. सहावा उघडला आणि हसले. त्यात साडेअकरा हजार मेल पडून होत्या, काही २०११ च्या.

"हे नष्ट का नाही केलंस?"

"लागतील कधी तरी."

"ड म्हणजे ड," अण्णा म्हणाले. "पण आमच्याकडेही कुणी मनानं जाळत नसे हो. यादी करायची, साहेबांची सही घ्यायची, मग." आणि मग विचारलं, "तुझ्याकडे सही कुणाची लागते?"

मी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटवून तशीच बसले. स्वयंपाकघरातून आई चकलीचं पीठ सैल झालंय का ते बघायला बोलावत होती.